चौऱ्याहत्तर डिग्रीवाले चाचा

आजवर बहरीनहून उडालेल्या विमानांत जेवढी माणसं जेवून पोट न बिघडता उतरली, त्यांतली निम्मी तरी आमच्या खालच्या मजल्यावरच्या चाचांच्या पुण्याईवर उतरली, असं माझं ठाम मत आहे. उरलेली निम्मी न जेवता झोपली असणार. मुहर्रकला विमानतळाच्या कुशीत एक अवाढव्य स्वयंपाकघर आहे. तिथून विमानात चढणारं जेवण तपासायचं आणि कागदावर सही करायची, हे चाचांचं तीसेक वर्षांचं काम. सहीशिवाय डबा हलत नसे आणि थर्मामीटरशिवाय चाचा हलत नसत. बाकीच्या माणसांच्या खिशाला पेन असतं, चाचांच्या खिशाला ती लांब सुईची, आकडे दाखवणारी कांडी असायची. बहरीनमधल्या सनद या वस्तीत आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात बायकोनं शेजारधर्म म्हणून वाटीभर मसालेभात खाली पाठवला, तर चाचा वाटी घेऊन स्वतः वर आले, दारात उभ्या उभ्या त्यात सुई खुपसली आणि म्हणाले, "वहिनी, एक्केचाळीस. वास फक्कड हाय, पण परत गरम करून द्या." माझ्या बायकोच्या मसालेभाताला नावं ठेवून जिवंत परतलेला हा पहिला माणूस. वाफाळता भात घेऊन ते खाली गेले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात अन्नाला चवीखेरीज तापमानही असतं.

मी स्वतः एसीचा इंजिनीअर. उंच उंच इमारती गार ठेवायच्या, हा माझा धंदा. त्यामुळे तापमान या विषयावर आपल्याला कुणी शिकवू नये असा माझा समज होता, तो चाचांनी हप्त्याहप्त्यानं काढून घेतला. मराठी मंडळींचं दिवाळीचं जेवण होतं ईसा टाउनच्या एका हॉलमध्ये. पुऱ्या तळून झालेल्या, अध्यक्ष माईकपाशी, पोरं ताटं वाजवतायत, आणि चाचा बटाट्याच्या भाजीच्या पातेल्यात सुई घालून उभे. "अठ्ठेचाळीस. गॅसवर चढवा." अध्यक्ष म्हणाले, "चाचा, लोक ताटकळलेत." चाचा म्हणाले, "तुम्ही भाषण करा ना, तवर तापते." त्या दिवशी भाषण संपेपर्यंत भाजी नुसती तापली नाही, खाली लागली. पण चाचांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहून मंडळींनी करपलेली भाजीही मुकाट खाल्ली.

घरी आले की पाण्याच्या निमित्तानं ते आमचा फ्रिज उघडत. कच्चं वर आणि शिजवलेलं खाली दिसलं की जीव घाबरल्यासारखे हात भराभर चालवून सगळं उलटं लावून ठेवत. प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी त्यांनीच लावलेली. फक्त एका बरणीपुढे ते हरले. माझ्या सासूबाईंनी घातलेलं लिंबाचं लोणचं, काळंभोर, आमच्या लग्नाच्याही आधीचं. चाचांनी बरणी उजेडात धरली, हुंगली, आदरानं होती तिथे ठेवली आणि म्हणाले, "हेच्यावर चिठ्ठी लावायची माझी लायकी नाय. हे माझ्यापेक्षा सीनिअर हाय." आणि हात धुणं! साबण लावून किती वेळ चोळायचे याचं त्यांचं स्वतःचं घड्याळ होतं. त्यांचं गाव रत्नागिरीजवळचं नेवरे. नळाखाली हात धरून ते एसटीचे थांबे पुटपुटत: शिरगाव, साखरतर, बसणी, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे. नेवऱ्याला उतरल्याशिवाय नळ बंद नाही. मी एकदा घाईत होतो, तर बाहेरून ओरडले, "इंजिनीअर, काळबादेवीलाच उतरलास काय? परत जा शिरगावला!"

पण त्यांची खरी विलक्षण सवय मला बऱ्याच उशिरा कळली. ज्या विमानाच्या जेवणावर त्यांनी सही केली, ते विमान सुखरूप उतरल्याचं कळेपर्यंत चाचा स्वतः जेवत नसत. लंडनचं विमान असलं तर सात तास नुसत्या काळ्या चहावर. मी म्हटलं, "अहो चाचा, विमान तुम्ही चालवता का?" तर म्हणाले, "वर आकाशात कोणाचं पोट दुखलं तर डॉक्टर कुठून आणणार? ते उतरेपर्यंत माझी सही हवेत लटकलेली असते." माझ्या सह्या कायम जमिनीवर असतात, आणि मी वेळेवर जेवतो.

आता त्या टर्कीबद्दल. आमच्या एकुलत्या एक लेकीनं, सानिकानं, वसईच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं आणि दोघं दुबईला राहू लागली. लग्नानंतरच्या दुसऱ्या नाताळाला ती दोघं आमच्याकडे येणार होती, आणि सानिकाला पाचवा महिना होता. डॉक्टरनं तिला खाण्यापिण्यात जपायला बजावलेलं. आधीचे तीन महिने तिच्या पोटात पाणी ठरलं नव्हतं, त्यामुळे आम्हा दोघांच्या जिवाला घोर. अशा वेळी शहाण्या माणसानं मऊ भात आणि मेतकूट केलं असतं. पण जावयाचा नाताळ आपल्या घरी व्हायचा तर त्याच्या पद्धतीनं व्हावा, असं माझ्या मनानं घेतलं, आणि नाताळ म्हणजे टर्की हे ज्ञान मला सुपरमार्केटच्या जाहिरातीवरून होतंच. तेवीस तारखेला संध्याकाळी मी सहा किलोची गोठलेली टर्की उचलून आणली. दगडच तो. फ्रिजरमध्ये मावेना, फ्रिजमध्ये सासूबाईंचं लोणचं हलवायची हिंमत होईना. मग माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. डिसेंबरची हवा, बाल्कनीत गार वारं, म्हणजे फुकटचा फ्रिजच की! टर्की बादलीत ठेवली, वरून ओला टॉवेल घातला, आणि बायकोला म्हटलं, "बघ, याला म्हणतात नॅचरल कूलिंग."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा मेथीची जुडी द्यायला वर आले. बाल्कनीचं दार उघडं होतं. त्यांनी बादली पाहिली, टॉवेल उचलला, आणि खिशातून सुई काढून टर्कीच्या कातडीखाली सरकवली.

"किती वेळ हाय ही इथे?"

"काल संध्याकाळपासून," मी अभिमानानं म्हणालो.

"एकोणीस. खलास."

"खलास म्हणजे?"

"म्हणजे फेकायची."

मी म्हटलं, "चाचा, दाबून बघा, आत अजून बर्फ आहे! म्हणजे ताजीच की!" चाचांनी माझ्याकडे बघितलं तशा नजरेनं माझ्या गणिताच्या मास्तरांनीही कधी बघितलं नव्हतं. "घराला बाहेरून आग लागलीय आणि तू माजघरात बसून गार वाटतंय म्हणतोस? फ्रिज चार डिग्रीचा असतो, चार! तू एसीवाला ना रे?" बायको मध्ये पडली. "चाचा, चांगली तीन तास भाजते. सगळे जंतू मरतील." चाचा तिच्याशी नेहमी हळू बोलत. "जंतू मरतात वहिनी. पण काही जंतू मरायच्या आधी विष सोडून जातात. ते भाजून जात नाय." तरी मी पुटपुटलोच, "इंशाल्ला, काही होणार नाही." चाचा कडाडले, "इंशाल्ला म्हणायच्या आधी उंट बांधायचा असतो! बाय पोटुशी येतेय ना घरात? मग?"

टर्की डबल पिशवीत बांधून कचऱ्यात गेली. बादली, टॉवेल आणि मी, तिघांनाही साबणानं धुण्यात आलं. मी शिरगावपासून नेवऱ्यापर्यंत दोनदा जाऊन आलो.

मग चाचांनी फोन करून पंचवीस तारखेची रजा टाकली. तीस वर्षांत ईदखेरीज रजा न घेणारा माणूस, ख्रिस्ती जावयाच्या नाताळासाठी ब्राह्मणाच्या घरात टर्की बघायला! "यल्ला, गाडी काढ," म्हणाले. तीन दुकानं पालथी घालून पाच किलोची शेवटची टर्की मिळाली, तिचा हलाल शिक्का आणि तारीख त्यांनी चष्मा वर करून वाचली. घरी येताच लोणच्याची बरणी माझ्या बायकोच्या हातात सन्मानानं देऊन फ्रिजचा खालचा खण मोकळा केला आणि खोल परातीत टर्की ठेवली, म्हणजे पाणी सुटलं तर परातीत राहील, कोथिंबिरीवर जाणार नाही. नियमानं फ्रिजमध्ये बर्फ सुटायला दोन-तीन दिवस लागतात, आमच्याकडे एकच होता. म्हणून नाताळच्या दिवशी दुपारी पिशवी घट्ट बांधून, गार पाण्याच्या टबात टर्की बुडवून चाचा स्टुलावर बसले. दर अर्ध्या तासानं पाणी बदलायचं. गरम पाणी घालून लवकर सोडवू का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी स्टूल माझ्या आणि नळाच्या मध्ये सरकवलं. सानिका आणि जावई सकाळीच आले होते. सानिका त्यांच्याशेजारी मोडा घेऊन बसली. तिला काय खाववतं, काय नाही, हे त्यांनी इतकं बारकाईनं विचारलं की तिची डॉक्टरही लाजली असती.

टर्की सुटल्यावर खरी लढाई झाली ती धुण्यावरून. बायको हळद-मीठ घेऊन बेसिनपाशी सज्ज. "न धुता आमच्यात काही शिजत नाही," ती म्हणाली. "धुतलीत की शिंतोडे उडणार, नळावर, ओट्यावर, त्या काकडीवर," चाचा म्हणाले. "काकडी कच्ची खाणार ना बाय?" बायकोनं एकदा काकडीकडे, एकदा लेकीच्या पोटाकडे बघितलं आणि नळ बंद केला. कागदी रुमालानं टर्की पुसून, तिला हळद, तिखट आणि लोणी फासण्यात आलं. भरल्या वांग्यासारखा पोटात पुलाव भरायचा बेतही, आतवर उष्णता पोचत नाही म्हणून, रद्द झाला. पुलाव वेगळ्या भांड्यात गेला, टर्की थेट ओव्हनमध्ये.

सातच्या सुमारास घरभर असा वास सुटला की शेजारच्या कोल्ड स्टोअरचा, म्हणजे इथल्या किराणा दुकानाचा, मल्याळी मालक दूध द्यायच्या निमित्तानं दोनदा येऊन गेला. टर्की सोनेरी झाली होती. "झाली की!" जावई म्हणाला. चाचांनी मांडीच्या जाड भागात, हाडाला लागणार नाही अशी सुई घातली. "एक्काहत्तर. चौऱ्याहत्तर पायजे." दार बंद. सानिका म्हणाली, "चाचा, प्लीज, आय अ‍ॅम स्टार्व्हिंग!" तीन महिन्यांत तिनं भूक लागल्याचं पहिल्यांदाच म्हटलं होतं. बायकोचे डोळे भरून आले. मी हळूच म्हटलं, "चाचा, तीन डिग्रीनं काय बिघडतंय?" ते ओव्हनच्या काचेवरून नजर न हटवता म्हणाले, "लेक कोणाची हाय? तुझी. आणि सही कोणाची हाय? माझी." दहा मिनिटांनी पुन्हा सुई: मांडीत शहाहत्तर, छातीत पंचाहत्तर, पंखाच्या सांध्यात चौऱ्याहत्तर. "आता अर्धा तास तिला कोणी हात लावायचा नाय. मग कापा."

सानिका दोनदा वाढून घेऊन जेवली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. जेवता जेवता जावई, बिचारा सज्जन, म्हणाला, "पप्पा, एकदम मस्त. खरं तर मी टर्की पहिल्यांदाच खातोय. आमच्याकडे वसईला नाताळला बदक असतं." मी चाचांकडे बघितलं. चाचा गालातल्या गालात हसत उरलेलं मांस पसरट डब्यांत भरून चिठ्ठ्या लावत होते, टेबलावर दोन तास व्हायच्या आत सगळं फ्रिजमध्ये. त्यांचं ताट मात्र रिकामं. बायकोनं आग्रह केला. ते म्हणाले, "उद्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वर आले आणि दारातच विचारलं, "बाय, पोट?" सानिका म्हणाली, "वन हंड्रेड परसेंट, चाचा. आणि बाळानं सकाळी लाथ मारली." तेव्हा कुठे त्यांनी खिशातली सुई बायकोच्या हाती दिली, स्वतःचा वाटा कडकडीत गरम करून घेतला, आणि हजारो टर्कींवर सही केलेल्या त्या माणसानं आयुष्यातला टर्कीचा पहिला घास खाल्ला. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. "हं," ते म्हणाले. "कोंबडीच हाय. उगाच मोठी."

नातू झाला त्याच सुमारास चाचांची नोकरी संपली आणि व्हिसाही. जायच्या सकाळी ते वर आले, आमचा फ्रिज एकदा उघडून पाहिला, आणि सुई लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून दिली. "गावात काय करू हिचं? तिथे बायको हाय. तिच्या हाताला टेंपरेचर कळतं." मी त्यांना मुहर्रकच्या विमानतळावर सोडून घरी आलो. बायकोनं ताटं घेतली, पण वाढली नाहीत. मी फोनवर विमानाचा तो छोटा ठिपका बघत बसलो, ती काळा चहा करत राहिली. मुंबईला ठिपका थांबला तेव्हा मी म्हटलं, "उतरलं. वाढ." तर ती म्हणाली, "विमान उतरलं. चाचा कुठे उतरलेत अजून?"

चहा आणि बिस्किटांवर आम्ही दोघांनी तो दिवस काढला आणि दुसरी दुपारही गाठली. चाचांचा मुलगा रत्नागिरी स्टेशनावर गाडी घेऊन येतो म्हणत होता, पण चाचांनी हट्टानं एसटी धरली असणार, हे मला इथे बसून दिसत होतं. दीड वाजता फोन वाजला. एवढाच मेसेज होता: 'नेवऱ्याला उतरलो. जेवा आता.'

आम्ही जेवायचे थांबलोय हे त्यांना कसं कळलं, कुणास ठाऊक. मी उठलो, हात धुवायला गेलो, आणि शिरगावपासून सुरुवात केली. बायको आतून म्हणाली, "आमटी निवली असेल," आणि बरणीशेजारची सुई घेऊन आली.