उरलेल्या लोकरीचं तोरण

शुभा गेली त्या सकाळी मी कचऱ्याच्या पिशव्या घेऊन खाली उतरले होते. टोकियोजवळच्या ग्योतोकुत राहणाऱ्या माणसाला सकाळी देव आठवला नाही तरी चालतं, पण आज कुठल्या कचऱ्याचा वार आहे हे आठवावंच लागतं. कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून टाकलेली जाळी उचलून पिशवी ठेवते तोच तिचा नवरा निखिल जिन्यातून धावत आला, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. "मंजू, वर चल. शुभा उठत नाहीये," एवढंच म्हणाला. दुपारी हॉस्पिटलात कळलं, मेंदूत रक्तस्राव. रक्तदाब गेल्या वर्षभरात फार वाढला होता, असं डॉक्टर म्हणाले. तो कशाने वाढला हे त्यांनी विचारलं नाही. मी डॉक्टर नाही, पण मी तिची शेजारीण होते, आणि ते वर्ष मी जवळून पाहिलं आहे.

आम्ही दोघी एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. दोघींचे नवरे टोकियोत आयटीत, दोघीही पुण्याच्या; फक्त ती सदाशिव पेठेतली असूनही दुपारी दार उघडायची, हे मी तिला कायम ऐकवायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इथे बहुतेक जणी दुकानातून काहीतरी प्लास्टिकचं आणून वाटतात. शुभाने एका वर्षी वाण म्हणून प्रत्येकीला लोकरीचं तोरण विणून दिलं. प्रत्येकीला विचारून, तिच्या आवडीच्या रंगाचं, खाली मणी ओवलेलं. दिवाळीपासून बसली होती क्रोशाची सुई घेऊन. स्वतःच्या दारावर मात्र उरलेल्या लोकरीचं. जांभळं, मोहरी, मध्येच पोपटी, कशाचा कशाला मेळ नाही. "सगळ्यांच्या घरातला एकेक तुकडा माझ्या दारावर," असं ती कौतुकाने म्हणायची. ते तोरण आमच्या मराठी घरांमध्ये पोराबाळांनाही ठाऊक होतं.

तिचं एकच लेकरू. नाव लिहीत नाही. मुलगा की मुलगी तेही लिहीत नाही, कारण ते काम पुष्कळ लोकांनी आधीच मोठ्या उत्साहाने उरकून घेतलं आहे. लोक आपल्याला जे समजतात ते आपण नाही, असं ते लेकरू समजायला लागल्यापासून सांगत होतं. आधी आईला मराठीत, मग शाळेतल्या बाईंना जपानीत, शेवटी कुणालाच नाही. बोलणंच बंद झालं, तेव्हा शुभा त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली. मानसोपचारतज्ज्ञांच्या कितीतरी भेटींनंतर वयात येणं काही काळ थोपवून धरणारी इंजेक्शनं सुरू झाली. "यातून काहीच ठरत नाही गं," ती मला म्हणाली होती, "फक्त वेळ मिळतो. विचार करायला त्याला जरा वेळ हवाय, आणि कुणी बघत नाहीये असं वाटायला हवंय." तिला जे हवं होतं ते एवढंच होतं. आणि ती काही डोळे मिटून सही करणारी बाई नव्हती. जनुकशास्त्रात एमएस्सी केलेली. हाडांवर काय परिणाम होतो, पुढे मूल होण्याचं काय, थांबवलं तर काय, कुणाला नंतर पस्तावा होतो का, सगळं डॉक्टरांना विचारायची, आणि जिथे 'अजून नीट माहीत नाही' असं उत्तर यायचं तिथे पुढच्या भेटीत तोच प्रश्न पुन्हा विचारायची. प्रश्न विचारूच नयेत असं तिचं कधीच म्हणणं नव्हतं. ती म्हणायची, विचारा, पण उत्तर ऐकायला थांबा.

म्हणूनच अशा मुलांच्या आईबापांवरच्या कार्यक्रमासाठी टीव्हीवाल्या आल्या तेव्हा तिने हो म्हटलं. जपानी पत्रकार बाई अतिशय नम्र, येताना मिठाईचा खोका घेऊन आल्या. चेहरा दिसणार नाही, आवाज बदलू, शहराचं नाव घेणार नाही, लेकराचं चित्रण करणार नाही. ते सगळं त्यांनी पाळलं, हेही सांगायला हवं. दिवसभर चित्रण केलं, शुभाने त्यांना पोहे खाऊ घातले. तिला वाटलं, आपल्यासारख्या दुसऱ्या आईबापांना खरं काय ते कळेल, भीती आणि दिलासा दोन्ही.

दिवसभरातून दाखवली काही मिनिटं. पहिल्याच दृश्यात दार उघडतं, चेहरा धुक्यासारखा पुसलेला, आणि त्या चेहऱ्याच्या वर लख्ख, स्वच्छ... जांभळं, मोहरी, पोपटी तोरण. चेहरा झाकायला जपानी माणसाला कुणी शिकवायला नको, पण आमच्याकडे बाईची ओळख तिच्या दारावर टांगलेली असते हे त्या बाईंना कसं कळावं? शुभालाही सुचलं नाही. रोजच्या दाराकडे कोण बघतं? बायकांच्या ग्रुपवर मात्र कार्यक्रम संपायच्या आत मेसेज आला, "अगं, हे आपल्या शुभाचं तोरण ना?" पुढे डोळा मारणारा चेहरा. आणि मग जिने तिने आपापल्या दारावर शुभाच्याच हातचं तोरण मिरवत ती क्लिप पुढे पाठवली.

त्या कार्यक्रमात ती म्हणते, "मला हाडांची भीती वाटते." तिचं पूर्ण वाक्य होतं, "मला हाडांची भीती वाटते, म्हणून तर दर वेळी तपासण्या करून घेतो." पुढचा भाग कापला. आठवड्याच्या आत पुण्यातल्या एका वेबसाइटने क्लिप उचलली आणि वर मथळा टाकला, 'जपानमधल्या मराठी आईचा आक्रोश'. दुसऱ्या कुणी तीच क्लिप घेऊन तिला 'क्रांतिकारी आई' केलं. शुभाला दोन्हींचा सारखाच संताप आला. "मी आक्रोशही केला नाही आणि क्रांतीही केली नाही," ती म्हणाली, "मी पोहे केले होते." पोटच्या पोराला प्रयोगाचा उंदीर केलंय, असं तिला कधीही न भेटलेल्या माणसांनी लिहिलं. सासूबाईंचा पुण्याहून फोन आला, त्या नुसत्या रडल्या. रविवारच्या मराठी वर्गात एका बाईने लेकराला सर्वांसमोर विचारलं, "मग आता तुला काय म्हणायचं?" लेकरू जपानीत म्हणालं, घरी जायचंय. त्यानंतर ते मराठी बोललं नाही. हॉस्पिटलात निषेधाचे फोन आणि पत्रं यायला लागली, तेव्हा त्यांनी इंजेक्शनची तारीख पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली... "परिस्थिती निवळेपर्यंत," असं अत्यंत सौजन्याने सांगत. शरीर कुणाची परिस्थिती निवळायची वाट बघत नाही. जो वेळ तिने इतक्या कष्टाने मिळवला होता, तो अशा सभ्य माणसांनी हळूहळू काढून घेतला, आणि तिच्या डोळ्यांदेखत लेकरू आरशावर टॉवेल टाकायला लागलं.

त्याच सुमारास एकदा ती तोरण घेऊन माझ्याकडे आली. "टाकून दे गं. मला कात्री लावायचा धीर होत नाही. मणी वेगळे काढ आणि लोकर जळाऊ कचऱ्यात, नाहीतर कचरेवाले पिशवी तशीच ठेवतील." हसली, पण नुसत्या ओठांनी. मी बरं म्हटलं आणि तोरण माझ्या कपाटात ठेवलं.

इथे अग्नी दिल्यानंतर घरच्यांनी लांब काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवायच्या असतात. निखिलच्या हातून काड्या दोनदा निसटल्या, म्हणून लेकराने उचलल्या. तिथल्या कर्मचाऱ्याने वाकून सांगितलं की यांची हाडं फार चांगली, भक्कम आहेत. ते सगळ्यांनाच असं सांगत असावेत. लेकराने माझ्याकडे पाहिलं आणि किती महिन्यांनी मराठीत म्हणालं, "मावशी, आईला हे ऐकायला आवडलं असतं." मला त्या क्षणी त्या सगळ्या मथळेवाल्यांना तिथे आणून उभं करावंसं वाटलं.

भेटायला सगळ्या आल्या. डबे आणले, डोळे पुसले. "किती सोसलं बिचारीने," म्हणाल्या. कुणामुळे सोसलं, हे म्हणायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना ट्रेन गाठायची होती. वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीसाठी मी हे लिहिते आहे, तिथूनही मला सुचवण्यात आलं की 'त्या विषयावर' जरा सविस्तर लिहा, वाचक वाचतील. वाचतील याची मला खात्री आहे. म्हणूनच नावं बदलली आहेत, आणि लेकराने वाचून मान हलवल्यावरच हा मजकूर पाठवते आहे. ती तोरणंही आता कुणाच्याच दारावर नाहीत. लाजेने काढली की भीतीने, विचारलं नाही.

गेल्या रविवारी लेकराने माझी बेल वाजवली. "मावशी, ते तोरण तू टाकलं नाहीस ना?" मी कपाटातून काढून दिलं. त्याने एकेक मणी चाचपून पाहिला, मग घरी जाऊन स्टुलावर चढून खिळा ठोकला आणि ते टांगलं... आपल्या दाराच्या आतल्या बाजूला. घरातून बाहेर पडताना ते निखिलच्या आणि लेकराच्या डोक्यावर येतं. बाहेरून ते दार आता इमारतीतल्या बाकीच्या दारांसारखंच दिसतं.