आईच्या कंदुरीचे पाहुणे

नोकरी लागली आणि सगळ्यात आधी बदललं ते जेवण. ठिबकचे संच विकणाऱ्या एका खासगी कंपनीच्या बीडच्या शाखेत मी रुजू झालो होतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आईवडील दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे आणि मी आष्टीच्या वसतिगृहात राहून शिकायचो. घरचं जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, वर चटणी-तेल, नाहीतर हुलग्याचं माडगं. बीडच्या खानावळीत दोन्ही वेळा पोळ्या. त्या पोटाला लागायच्याच नाहीत. तासा-दोन तासांत पुन्हा भूक लागायची आणि जेवताना आणखी एक पोळी मागायची लाज वाटायची. दोन-तीन महिन्यांनी सवय झाली. सवय झाली म्हणजे भुकेची झाली.

आमच्या कामात मात्र जेवणावळी फार. शेतात संच बसला, नळ्यांतून पहिलं पाणी ठिबकलं, की शेतकरी जेवल्याशिवाय सोडत नाही. दिंद्रुडकडच्या एका वाडीवर मी पहिल्यांदा अशा पंगतीला बसलो आणि सवयीनं कांदा बुक्कीनं फोडला. शेजारी आमचे साहेब होते. परतताना जीपमध्ये हळूच म्हणाले, चारचौघांत चिरलेला कांदा घ्यावा. मला राग आला नाही. उलट बरं वाटलं, कारण असं कोणी आपलं म्हणून सांगणारं मला आजवर भेटलं नव्हतं. मुलाखतीत मला निवडलं होतं तेही त्यांनीच. मोजमाप कसं घ्यायचं, अधिकाऱ्यांशी कसं बोलायचं, हे सगळं त्यांनीच शिकवलं. माझ्या एका चुकीच्या आराखड्यापायी वरून बोलणी आली, तेव्हा ती त्यांनी स्वतःवर घेतली. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सोपं गेलं असतं.

त्यांच्याबरोबर फिरताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. साहेबांचा वार असायचा. म्हणजे त्या दिवशी ते मटण खात नसत. पण वार ठरलेला नव्हता. एका बागायतदाराकडं गुरुवारी त्यांनी मटणाची नळी चोखून खाल्ली होती. पुढच्या मंगळवारी एका लहानशा घरी, मातीच्या चुलीपुढं बसलेल्या बाईनं कोंबडी रांधली, तेव्हा ते हात जोडून म्हणाले, आज वार आहे. घराकडं एकदा बघितलं, की वार आहे की नाही हे त्यांचं ठरायचं. मला हे कळत होतं. तरी मी मनात त्यांचीच बाजू घेत राहिलो.

मला नोकरी लागावी म्हणून आईनं गावच्या पिराला कंदुरी बोलली होती. बोकड द्यायचं, दर्ग्यापाशीच रांधायचं आणि गावाला जेवू घालायचं. आमच्याकडं कितीतरी हिंदू घरं हा नवस करतात, मुलाणी फातेहा देतात आणि सगळे एकत्र जेवतात. आईनं नवसात स्वतःची एक अट घातली होती: ज्यानं पोराला कामाला लावलं त्याला मी माझ्या हातानं वाढीन. तो जेवला की नवस फिटला.

मी कॅलेंडर बघून रविवार निवडला. चतुर्थी नाही, एकादशी नाही, कुठलाच सण नाही. कोणाला वार सांगता येऊ नये म्हणूनच निवडला, हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. साहेबांना बोलावलं, तर ते लगेच हो म्हणाले. आमच्या शाखेतला एक जुना सहकारी होता, तोही येतो म्हणाला.

ते आले. गावच्या चौकात थांबून त्यांनी आमचं घर विचारलं. आता जात कोणी विचारत नाही. घर कुठं ते विचारतात आणि सांगणाऱ्याचं बोट कुठं गेलं ते बघतात. आमच्या घराकडं बोट ओढ्यापलीकडं जातं.

दर्ग्यावर साहेबांनी डोकं टेकलं. हातावर दिलेला मलिदा त्यांनी रुमालात बांधून ठेवला. त्यांच्यासाठी वडिलांनी खुर्च्या मागून आणल्या होत्या. लिंबाखाली पंगत बसली होती. आई नवं लुगडं नेसली होती आणि ती स्वतः दोन ताटं वाढून घेऊन आली. सहकारी म्हणाला, मावशी, आम्ही घरून पोटभर जेवूनच निघालो. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"आई, माझा वार आहे."

"आज कोंचा वार, साहेब? आईतवार हाय की."

आईनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं.

"रविवारच धरलाय. सूर्यनारायणाचा."

"मंग दही-भाकर आनते. ती चालती."

"नको आई, कडक आहे. पाणीसुद्धा आपलंच."

सहकाऱ्यानं जीपमधून बाटली आणली होती. साहेब तिच्यातलं दोन घोट पाणी प्यायले, आईच्या पाया पडले, त्यांनी माझं कौतुक केलं आणि दोघं निघाले. आई दोन्ही हातांत ताटं धरून उभी होती. पंगतीतल्या बाया खाली मान घालून जेवत होत्या. आमच्या लोकांना अशा वेळी कुठं बघायचं ते माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, म्हणून पंगत उठताच मी मोटारसायकलवर बीडला निघालो. मांजरसुंब्याला एका धाब्यासमोर आमची जीप दिसली. बंद पडली असेल म्हणून थांबलो आणि आत गेलो. टेबलावर मटणाची हंडी होती आणि ताटांत हाडांचा ढीग. सहकाऱ्यानंच मला आधी बघितलं.

"ये बे, बस. कावून उभा राहिलास?"

साहेबांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि पोऱ्याला आणखी एक ताट लावायला सांगितलं. लई भूक लागली होती रे, म्हणाले. मी जेवून निघालोय, म्हणालो.

"हा कशाला जेवंल इथं," सहकारी हसत म्हणाला. "याच्या घरी तर आज अख्खं बोकड होतं."

"गप बे," साहेब म्हणाले.

त्या दोन शब्दांनी माझा उरलासुरला आधार गेला. तोवर मला वाटत होतं, हे लोक विचार न करता वागतात, त्यांना कळत नाही. साहेबांना सगळं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखेच बोलले. पुढं मला कायम करावं म्हणून वर शिफारसही त्यांनीच केली. मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं मला बसवून जेवू घातलं आणि मी जेवलो. चिरलेला कांदा घेतला.

त्या वर्षी ऊसतोडीला निघायच्या आधी आई बोचकी बांधत होती. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. साहेब जेवला नाही, म्हणजे नवस फिटला नाही. मुलाणीचाचा तिला समजावत होते, जो जेवला त्याचं पिराला पोचलं. तिला ते पटत नव्हतं. लग्न होऊन नुकतीच घरात आलेली माझी बायको म्हणाली, राहू द्या आता. मला ते सहन झालं नाही आणि मी आईला धाब्याचं सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, चिडेल, दोन शिव्या देईल, माझ्या छातीवरचं ओझं हलकं होईल.

ती बोचक्याची गाठ आवळत राहिली. मग म्हणाली, "लांबून आलते. भुका लागल्या असत्याल."

"आई, त्यायनी तुझ्या हातचं खाल्लं न्हाई."

"माझ्यातच काय तरी कमी पडलं आसंल. पुढल्या बारीला ताटं नवी घेऊ."

मी म्हणालो, आता बोकड कापायचं नाही. ओरडूनच म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि उसाला गेली. पाडव्याला परत आली, तेव्हा पहिल्या बाजाराला आष्टीला जाऊन एक करडू घेऊन आली. ते दाराशी बांधलेलं आहे. ती त्याला स्वतःच्या हातानं सुबाभळीचा पाला घालते. मी गावी गेलो की घरात मागच्या दारानं जातो.