पुस्तकातलं हाय

आमचे लोह्यातले शेजारी टेम्पो चालवतात. बोलणं घाईचं, जेवण घाईचं. फक्त दुसरीतल्या लेकीला वाचायला घेऊन बसले की ही घाई कुठं जाते कुणास ठाऊक. ती अक्षरावर अडली, की हे तोंडातली सुपारी चावायचीही थांबवतात.

काल पुस्तकातलं ‘आई घरी आहे’ तिनं ‘आई घरी हाय’ असं वाचलं. मी कुंपणापलीकडून “आहे!” म्हणाले आणि पोरीनं पुस्तकच मिटलं.

“थांबा वैनी, वाचून राहिली ना ती,” म्हणत त्यांनी फरशीवर खडूनं लिहिलं, ‘मी इथं हाय.’ तिनं एका दमात वाचलं. मग ‘हाय’ पुसून त्यांनी ‘आहे’ लिहिलं.

ती बघत राहिली, मग खुदकन हसली. “पप्पा, हे पुस्तकातलं हाय ना?”

“हाव,” म्हणत त्यांनी सुपारी चावली.