मामांच्या यंत्रातलं ‘किंवा’

तुमचं नाव, गाव आणि जन्मतारीख तुम्ही आजवर किती अर्जांत लिहून दिलीत, आणि दर वेळी गप्प का बसलात? आमचे मामा बसत नाहीत. एकच गोष्ट दोनदा लिहायला लावणं हा माणसाचा अपमान आहे, असं मानणारा दुसरा माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत सापडणार नाही. सापडलाच तर तो मामांनीच बिघडवलेला असेल.

मामा घरी बसून संस्थांसाठी वेबसाइट बनवतात. फंक्शनल प्रोग्रॅमिंग नावाच्या पद्धतीच्या एका संगणकभाषेत ते आधी फक्त एवढंच लिहितात की अमुक गोष्ट म्हणजे काय: विद्यार्थिनी म्हणजे काय, पालक म्हणजे काय. याला ते ‘प्रकार’ म्हणतात. त्या प्रकारांवरून डेटाबेसचे तक्ते, फॉर्मचे रकाने, तपासणीचे नियम, म्हणजे सगळा आराखडा उर्फ स्कीमा, त्यांनीच घडवलेलं एक यंत्र, म्हणजे एक प्रोग्रॅम, आपोआप लिहून काढतं. “खरं एकदाच लिहायचं, भाच्या. नकला काढायला मशीन हाय.” यंत्राने काढलेल्या फाइलींच्या डोक्यावर पूर्वी ओळ असे: ‘हाताने शिवू नका’. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला, भडकलो. “मामा, आपल्या घरात ही शिवाशिवीची भाषा?” मामा ओशाळले आणि तिथल्या तिथे तिचं ‘हाताने बदलू नका’ केलं, अर्थात यंत्रात, एकदाच. हा आजार स्वयंपाकघरातही शिरलाय. मसाल्याच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या एका यादीतून छापून निघतात. मामींनी हळदीच्या डब्यात मेथी भरली, तेव्हा मामांनी यादी दुरुस्त करून सगळ्याच्या सगळ्या चिठ्ठ्या नव्याने छापल्या. “एक चिठ्ठी खोडली असती तर हात झडला असता का तुमचा?” मामी म्हणाल्या. “आज चिठ्ठी खोडशील, उद्या घटना खोडशील!” पाहुण्याने चहाला ‘साखर बेताची’ म्हटलं की मामा त्याला अडवतात. “साखरेचा किंवा बिनसाखरेचा, दोनच प्रकार हायत. बेताचा कोणता?”

यंदा लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाचा प्रवेशाचा फॉर्म मामांनी केला. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला औशाहून एका मुलीचा फोन आला. पाचला फॉर्म बंद होणार होता, आणि वसतिगृह मिळालं नाही तर तिचं कॉलेजही सुटणार होतं. “सर, वडलाचं नाव टाकल्याबिगर फॉर्म पुढंच जाऊन न्हाई राहिला. घरी मायच हाय फक्त. हापिसातले म्हनले, टाक कायबी. मी खोटं न्हाई टाकनार.”

“होऊच शकत न्हाई, बाई. पालक म्हणजे आई किंवा वडील. मी सोता लिवलंय.”

“मग या, हितं येऊन बघा की!”

मामांनी यंत्राने काढलेली फाइल जन्मात पहिल्यांदा उघडून वाचली. स्वतःच्या यंत्रावर इतका आंधळा भरवसा फक्त तेच ठेवू शकतात. यंत्राने ‘किंवा’चं ‘आणि’ करून टाकलं होतं. ज्यांच्या घरी दोघंही होती त्या मुली बिनबोभाट पुढे गेल्या, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. यंत्र दुरुस्त करायला दोन दिवस लागले असते. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि ती फाइल चक्क हाताने बदलली. मग फोन लावला. “आता भर, माय. चूक माझी होती, तुझी न्हवती.”

पावणेपाचला तिचा अर्ज गेला. मामा हुश्श करणार, तेवढ्यात तिनं विचारलं, “सर, आन् ज्यांचं दोन्ही बी न्हाई, त्या पोरींनी काय टाकायचं?”

मामांनी प्रकारांची फाइल उघडली. हे यंत्राने केलं नव्हतं. पालक म्हणजे काय, हे त्यांनीच लिहिलं होतं, तेही एकदाच, पूर्ण खात्रीने. त्या संध्याकाळी वसतिगृहाला विनवून त्यांनी मुदत वाढवून घेतली, प्रकारात दुसरा ‘किंवा’ घातला, ‘किंवा दोन्ही नाहीत’, आणि यंत्र दुरुस्त होईपर्यंत फाइलीतही तो हातानेच लिहिला. पण आधीच फॉर्म बंद करून निघून गेलेल्या मुलींची नोंद कोणत्याच तक्त्यात नव्हती. मामा पडद्यावरच्या तक्त्याकडे बघत बसले. मामींनी ठेवलेला चहा निवला, तो साखरेचा होता की बिनसाखरेचा हेही त्यांनी विचारलं नाही.

तुमच्या शाळेत, कचेरीत, संस्थेत एखादा फॉर्म असेलच. आज तो उघडा, आणि ज्याचं घर तुमच्यासारखं नाही अशा माणसाच्या वतीने शेवटपर्यंत भरून बघा. जिथे अडाल, तिथे ‘टाक कायबी’ म्हणू नका. तो रकाना बदला.