आधी गडहिंग्लजपर्यंत चालून दाखव

शिरोळकडच्या बापूसो पाटलांच्या वाड्यावर पाहुणे मुलगी बघायला आले, तेव्हा त्यांची लेक पद्मावती पोह्यांच्या बशा घेऊन आलीच नाही. हात जोडून उभी राहिली.

"तुमचा ऋषभ चांगला हाय. पर मला लगीन करायचं न्हाय. मला दीक्षा घ्यायची हाय, आर्यिका व्हायचं हाय."

पाहुणे उठून गेले. पाटलांचं घराणं जुनं, मानाचं. जैन समाजात त्यांच्या शब्दावाचून पान हलत नसे. बापूसो कडाडले, "कधी अंगणात अनवाणी गेली न्हाईस, आन् गावोगाव चालणार व्हय? आधी साध्वींच्या संघाबरोबर गडहिंग्लजपातूर चालून दाखव!"

"चालले तर?"

"तर दीक्षेला मी सोता हुबा ऱ्हाईन."

भर उन्हाळ्यात ती आर्यिकांच्या संघाबरोबर निघाली. पायांत काही नाही, जेवण दिवसातून एकदा, पाणीही त्याच वेळी. टाचांना फोड आले, फुटले. मागून जीपमध्ये तानाबाई आत्या. भावानंच तिला धाडलेलं. "बस की गं, कोण बघतंय?" ती विनवायची. पद्मावती मान हलवून पुढं व्हायची.

संकेश्वरच्या अलीकडं पहिल्याच घासात केस निघाला. नियम कडक: केस निघाला की जेवण सोडायचं, उद्यापर्यंत पाणीसुद्धा नाही. पद्मावती शांतपणे उठली. आत्यानं रडतच भावाला फोन लावला.

बापूसो तडक आले. पोरीचे पाय बघून त्यांनी तिचा हात धरला. "चल घरला, बाळ."

"आप्पा, पाय लई दुखत्यात. काल रडले पण. पर माघारी फिरावं असं एकदाबी वाटलं न्हाय."

बापूसोंनी तिच्याकडं पाहिलं, पायातल्या चपला काढून जीपमध्ये टाकल्या आणि तिच्या बरोबरीनं चालू लागले. जरा पुढं जाताच धोतर सावरत त्यांनी कडेच्या गवतात उडी घेतली. "आयला, जाळच हाय की ह्यो!" पद्मावती खळखळून हसली. गडहिंग्लज येईस्तोवर बापूसो गवतातनंच चालले, पण जीपमध्ये काही बसले नाहीत.

दिवाळीनंतर कोल्हापुरात दीक्षा झाली. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. आचार्यांनी घरच्यांची संमती विचारली. बापूसोंनी माईक बाजूला सारला. "हाय! संमती हाय! माझ्या लेकीनं ती चालून मिळवलीया!"

जयजयकार उठला. दीक्षेच्या रीतीप्रमाणं पद्मावतीनं आपल्या हातांनी डोक्यावरचे केस उपटायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चेहरा मात्र फुललेला. पांढरी साडी नेसून, हातात मोरपिसांची पिंछी घेऊन ती समोर आली, तेव्हा आईला सुचेना, लेकीला जवळ घ्यावं की नमस्कार करावा. बापूसोच पुढं झाले आणि गुडघे टेकून म्हणाले, "वंदामि, माताजी."