मेघालीच्या छातीतला बेडूक

सफाळ्याच्या जयवंती सिस्टर शाळेत असताना पोटदुखीचं सोंग इतकं झकास वठवायच्या, की एकदा त्यांना चक्क सलाईन लागलं होतं. पुढे बोईसरला लहान मुलांच्या दवाखान्यात त्यांना नोकरी लागली, तेव्हा आता तुला कुठलंच पोर फसवणार नाही, असं त्यांची आई म्हणाली.

एका सकाळी सालवडहून लाडकी आपल्या मेघालीला घेऊन आली. आठ वर्षांची पोर छातीत बेडूक उड्या मारतोय म्हणत होती. गणिताची परीक्षा चुकवायचं हे नाटक, अशी लाडकीची खात्री.

"काय नाय झालं तिला, सिस्टर. एक सुई टोचा, पळेल शाळंत."

सिस्टरांनी गंभीर चेहऱ्याने परीक्षा रद्द झाल्याचं ठोकून दिलं. सोंगाड्या पोराचे डोळे निदान चमकले असते. मेघाली नुसती पडून राहिली. तिच्या गळ्याजवळची शीर थडथडत होती. मनगटावर बोटं ठेवली, तर ठोके मोजता येईनात. ताप नव्हता, ती रडतही नव्हती, तरी पडल्यापडल्या वेग जराही उतरेना. सिस्टरांनी थट्टा बाजूला ठेवली, मॉनिटर लावला, ईसीजी काढला आणि डॉक्टर ललितना बोलावलं. ठोके दोनशेच्या वर होते.

पोर शुद्धीत होती, हातपाय गार पडले नव्हते, रक्तदाबही ठीक होता. डॉक्टर इंजेक्शनच्या तयारीला लागले आणि तोवर तिला जोरात फुंकायला लावा, तेवढ्या जोरानेही कधीकधी ठोके ताळ्यावर येतात, म्हणाले. सिस्टरांनी सुई नसलेली सिरिंज मेघालीच्या ओठांत दिली.

"फुंकून मागचा दट्ट्या हलवलास, तर डॉक्टर कोंबड्यासारखे आरवतील."

डॉक्टरांनी वळून पाहिलं, पण नाही म्हणाले नाहीत.

पहिल्या खेपेला मेघालीला हसूच फुटलं. दुसऱ्यांदा मात्र तोंड लाल होईस्तोवर तिने फुंकलं. दट्ट्या हलला. सिस्टरांनी झटकन तिला आडवं करून पाय वर धरले. मॉनिटरवरची रेघ क्षणभर अडखळली आणि ठोके शंभराच्या आसपास आले.

"गेला बेडूक," मेघाली म्हणाली आणि डॉक्टरांकडे बघत राहिली.

डॉक्टर आरवले. बाहेरच्या बाकावर एक तान्हं दचकून रडायला लागलं.

लाडकीचे डोळे भरून आले. सकाळी तिने पोरीला धपाटा घातला होता. सिस्टरांनी तिला जवळ बसवून समजावलं, की असं पुन्हा झालं, पोर पांढरी पडली किंवा घेरी आली, तर वाट बघायची नाही, तडक यायचं. नंतर मुंबईच्या हृदयतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. त्या कडू लागतात म्हणून मेघाली तोंड वाकडं करते, पण घेते.