आजींचं जेवण

मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटलीतलं गुलाबी पाणी आज पिवळं पडलं होतं. पेशींनी त्यातलं अन्न संपवलं की रंग असा बदलतो.

“सर, आजींना भूक लागलीय,” संशोधन करणारी केतकी हसत म्हणाली. कर्करोगाच्या या कित्येक वर्षं जुन्या पेशींना इथली मुलं आजी म्हणतात. शेजारच्या बाटलीतल्या निरोगी पेशी काही पिढ्यांनी थकतात, म्हाताऱ्या होऊन थांबतात. आजी थांबत नाहीत. मी ती बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली; माझा हात सुरकुतलेला होता. खाली मात्र सगळं तरुण होतं.

शेवटच्या आजारात माझी बायको मालती म्हणाली होती, “माझं सगळं जाळा हं. मागे काही ठेवू नका.” मी हो म्हणालो. पण तोवर तिच्याच कर्करोगाच्या गाठीचा तुकडा, तिला न विचारता, मी इथे वाढवायला ठेवला होता.

“केतकी, ही आजी म्हणजे माझी बायको,” आज मी पहिल्यांदाच सांगितलं.

तिने बाटलीवरचा हात मागे घेतला. मग हळूच विचारलं, “सर, जेवण घालू की नको?”

“नको,” मी म्हणालो आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. खाली एक पेशी सावकाश दोन होत होती, मला न विचारता.